कापले काय आणि राखले काय : ठाण्यातील एका हौशी नाटकाचे प्रकरण

ठाण्याच्या वर्तकनगर भागातील एका हौशी नाट्यसंस्थेने दहावीतल्या मुलांच्या आयुष्यावरचे दोन अंकी नाटक बसवायला घेतले आणि पहिला प्रयोग लागण्याआधीच सभागृहाचे विश्वस्त, एक शाळा, एक जाहिरातदार आणि खुद्द कलाकार मुलांचे पालक अशा चार बाजूंनी त्यावर आक्षेप आले. अशा प्रकरणांची चर्चा बहुधा ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य की संस्कार’ या एकाच खुंटीभोवती फिरते. या प्रकरणात ती चर्चा फारशी उपयोगाची ठरली नाही, कारण आलेले आक्षेप एका जातीचे नव्हते. काही आक्षेप सभ्यतेचे होते आणि एक आक्षेप मुलांच्या जिवाच्या काळजीचा होता. संस्थेने ते सगळे ‘विरोध’ या एकाच गाठोड्यात बांधले आणि तडजोड करायची वेळ आली तेव्हा निरुपद्रवी होते ते आधी कापून, खरोखर जोखमीचे होते ते मोठ्या अभिमानाने राखले. ही उलटापालट कशी झाली आणि पुढे ती कशी सुधारली गेली, हा या टिपणाचा विषय आहे.

मी या संस्थेचा सभासद नाही. ओळखीमुळे काही तालमी पाहता आल्या आणि पालकांच्या सभेला हजर राहता आले. संबंधितांमध्ये अल्पवयीन मुले असल्याने संस्था, सभागृह, शाळा आणि नाटक यांची नावे येथे दिलेली नाहीत. नाटकातील आत्महत्येचा प्रसंग मुळात कसा रचला होता, हेही लिहीत नाही. ज्या कारणासाठी तो पुढे नाटकातून गेला, त्याच कारणासाठी तो या लेखातही नको.

संस्था आणि संहिता

ठाण्यात हौशी नाटकाला जागा, प्रेक्षक आणि परंपरा या तिन्ही गोष्टी आहेत. तलावपाळीचे राम गणेश गडकरी रंगायतन १९७८ पासून उभे आहे, घोडबंदर रस्त्याच्या बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे, आणि मुलांनी आपल्या जगण्याबद्दल स्वतः नाटक करावे ही कल्पनाही या शहराला नवी नाही. रत्नाकर मतकरी यांच्या पुढाकाराने समता विचार प्रसारक संस्थेने येथे ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, त्यात वस्त्यांमधल्या मुलामुलींनी आपल्याच घरातले आणि गल्लीतले प्रश्न नाटिकांतून मांडले. आपल्या प्रकरणातली संस्था त्या मानाने सुखवस्तू म्हणावी लागेल. बँकेतून निवृत्त झालेले अध्यक्ष, दिवसा नोकरी करून संध्याकाळी तालमी घेणारी दिग्दर्शिका, दोन-तीन शिक्षक, काही महाविद्यालयीन मुले आणि आसपासच्या सोसायट्यांमधले आठवी ते दहावीचे विद्यार्थी अशी तिची रचना होती. तालमी एका सोसायटीच्या हॉलमध्ये होत. कॅरमचे टेबल भिंतीला सरकवायचे, गणपतीच्या मखराच्या प्लायच्या कमानी कोपऱ्यात उभ्या असत त्यांचीच विंग करायची आणि साडेनऊला वॉचमनने दिव्यांची उघडझाप केली की आवरते घ्यायचे, असा तो कारभार होता.

संहिता मे महिन्याच्या सुट्टीतल्या शिबिरातून आली. दिग्दर्शिकेने मुलांना विषय न देता जोड्या लावून उत्स्फूर्त प्रसंग करायला सांगितले, बोललेले सगळे उतरवून घेतले आणि त्यावरून नाटक लिहिले. पहिल्या अंकाची ताकद या पद्धतीत आहे. त्यातली आई म्हणते, “तू काही बोलत नाहीस म्हणून मी तुझा मोबाईल बघते,” आणि मुलगी म्हणते, “तू मोबाईल बघतेस म्हणून मी बोलत नाही.” हे दोन संवाद कोणत्याही मोठ्या लेखकाने लिहिलेले नाहीत, शिबिरात एका नववीच्या आणि एका दहावीच्या मुलीने खेळता खेळता ते म्हटले होते.

कथानक दोन वर्गमित्रांचे आहे. मुग्धाला शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी पाळी येते, गणवेशावर डाग पडतो आणि मैत्रिणी तिच्याभोवती कडे करून तिला वर्गापर्यंत नेतात. एवढाच प्रसंग आणि त्यानंतरचे तिचे स्वगत, ही पहिल्या अंकातली सर्वांत देखणी जागा होती. ओंकार प्रीलिममध्ये गणितात नापास होतो, त्यातच त्याचे एक खासगी छायाचित्र क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते, वडील त्याला सर्वांदेखत बोलतात आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे तो आत्महत्या करतो. शेवटचा प्रवेश शोकसभेचा होता. वडील कोसळतात, क्लासचे सर माफी मागतात, ज्या मुलांनी छायाचित्र फिरवले ती हमसून रडतात आणि मागच्या पडद्यावर ओंकारचा मोठा फोटो उजळत जातो. वाचनाच्या दिवशी हा प्रवेश ऐकून अनेकांचे डोळे भरून आले, असे मला सांगण्यात आले, आणि ते खरे असावे. अडचण नेमकी तिथेच होती, पण ती त्या दिवशी कुणालाच दिसली नाही.

महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. त्यामागे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खालचे नियम आहेत. व्यावसायिक नाटक असो की कॉलेजची एकांकिका, ही पायरी कुणालाच चुकत नाही. संस्थेने संहिता पाठवली, प्रमाणपत्र मिळाले आणि कार्यकारिणीने सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे आक्षेप आला की अध्यक्षांचे उत्तर ठरलेले असे : “सर्टिफिकेट आहे ना आपल्याकडे?” मंडळ कागदावरची संहिता तपासते. प्रवेश कोणत्या प्रकाशात आणि कोणत्या संगीतावर होणार, तो करणारा मुलगा किती वर्षांचा आहे, समोर कोण बसणार आणि पडदा पडल्यावर ती मुले कुणाबरोबर घरी जाणार, या प्रश्नांशी त्या प्रमाणपत्राचा काही संबंध नसतो.

आक्षेपांचे गाठोडे

पहिले पत्र सभागृहाच्या विश्वस्त मंडळाचे आले. त्यांचे कार्यवाह एका संध्याकाळी तालमीला बसून गेले होते. पत्रात ‘स्त्रियांच्या खासगी बाबींचे जाहीर प्रदर्शन’, दोन शिव्या आणि मुग्धा व तिच्या मित्राच्या जवळिकीचा एक प्रसंग यांवर हरकत होती. आत्महत्येबद्दल चकार शब्द नव्हता. दुसरा आक्षेप शाळेचा होता. मुख्याध्यापिकांनी नववी-दहावीची मुले प्रयोगाला पाठवण्याचे तोंडी कबूल केले होते, पण बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे आणि पालकांची लेखी संमती घेतल्याशिवाय अशा विषयावर मुलांना बाहेर नेता येणार नाही, असे म्हणून त्यांनी माघार घेतली. त्यांच्या माघारीला संस्थेत भित्रेपणा म्हटले गेले. मला ते अन्यायाचे वाटले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर ठाणे जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेच्या मुख्याध्यापकांना मुलांच्या सुरक्षिततेविषयी आपली जबाबदारी कागदावर दाखवता येणे किती गरजेचे झाले आहे, हे शाळेच्या कार्यालयात अर्धा तास बसले तरी कळते.

तिसरा आक्षेप स्मरणिकेत पानभर जाहिरात देणाऱ्या एका क्लासचा होता. नाटकात क्लासच्या सरांचे पात्र वाईट रंगवले आहे हे कानावर जाताच जाहिरात रद्द झाली. या आक्षेपाबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

चौथा आक्षेप ओंकारचे काम करणाऱ्या मुलाच्या आईचा होता. त्या व्यवसायाने परिचारिका. तालमीला मुलाला न्यायला येत आणि थांबून मागच्या खुर्चीवर बसत. त्यांनी दिग्दर्शिकेला एकदा बाजूला घेऊन सांगितले की शेवटचा प्रसंग बदलता आला तर पाहा. दिग्दर्शिकेने ते वहीत लिहून घेतले, पण वहीत ते लिहिले गेले विश्वस्तांच्या आक्षेपांच्या खाली, त्याच यादीत, पुढच्या क्रमांकावर. ती वही मी नंतर पाहिली. चार आक्षेपांसमोर एकाच पेन्सिलीने एकच प्रश्नचिन्ह काढलेले होते.

पहिली काटछाट

कार्यकारिणीच्या बैठकीत ठरले की सभागृह आणि शाळा दोन्ही हातची जाऊ द्यायची नसतील तर थोडे नमते घ्यावे, पण ‘नाटकाचा प्राण’ सोडू नये. म्हणून मुग्धाचा डागाचा प्रसंग आणि स्वगत काढले, शिव्या काढल्या, जवळिकीच्या जागी दोघे एकमेकांना वही देतात असे केले आणि क्लासचे सर रातोरात शाळेचे क्रीडाशिक्षक झाले. गणितात नापास झालेल्या मुलाला क्रीडाशिक्षक का ओरडतात, हे मात्र प्रेक्षकांनी समजून घ्यायचे होते. आत्महत्येचा प्रसंग आणि शोकसभा यांना हात लावला नाही, कारण तोच प्राण होता.

मराठी रंगभूमीला या प्रकारची काटछाट परिचयाची आहे. १९७० मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’तल्या लुगड्यावरच्या लाल डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली, तेव्हा डाग निळा केला गेला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना तो लाल समजावा असे सांगितले गेले. त्या तडजोडीत निदान एक खट्याळपणा होता. डाग रंगमंचावर राहिला आणि त्याच्यावरची बंदीही प्रेक्षकांना दिसली. पन्नासहून अधिक वर्षांनी, सॅनिटरी नॅपकिनच्या जाहिराती घरातल्या टीव्हीवर जेवणाच्या वेळी लागत असताना, वर्तकनगरातल्या संस्थेने डागच काढून टाकला आणि त्याचा गवगवाही केला नाही. मुग्धाचे काम करणाऱ्या मुलीने दिग्दर्शिकेला एवढेच विचारले, “ताई, मग आता माझ्या पात्राला झालं काय?” प्रश्न नाट्यलेखनाचा होता आणि बिनतोड होता.

मागच्या खुर्चीवरून

काटछाटीनंतरच्या एका तालमीत आत्महत्येचा प्रसंग संपला, ब्लॅकआऊट झाला, दिवे लागले, तरी ओंकारचे काम करणारा मुलगा कमानीमागून बाहेर आला नाही. बाकीची मुले वडापावच्या पिशवीकडे धावली होती. त्याची आई उठून मागे गेली. तो जमिनीवर बसून आपल्या नाटकातल्या शर्टाचे बटण लावत होता आणि काढत होता; बरे वाटत नाही का, असे विचारल्यावर म्हणाला, “काही नाही गं, रोज तेच करायचं असतं ना.” आईने त्याला घरी नेले आणि दुसऱ्या दिवशी पालकांची सभा मागितली.

सभेत त्या जे बोलल्या ते शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देतो. “मॅडम, तुम्ही पाळीचा प्रसंग काढलात, तो ठेवा. शिव्यासुद्धा ठेवा, पोरं रोज देतात. काढायचा तर हा शेवट काढा. आमच्या वॉर्डात अशी मुलं येतात. जी वाचतात त्यांतली कितीतरी शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारतात, बाबा रडले का? तुमच्या नाटकात बाबा रडतात.”

सभेत काही वेळ कुणी काही बोलले नाही. मग एका ज्येष्ठ सभासदांनी, हे तर वास्तव आहे आणि वास्तव दाखवायचे नाही का, असा प्रश्न केला. प्रश्न चुकीचा नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यवार आकड्यांत महाराष्ट्र सर्वांत वर होता. या विषयावर गप्प बसण्याचा सल्ला कुणीही जाणता माणूस देणार नाही. पण बाईंचा मुद्दा गप्प बसण्याचा नव्हताच. मरणानंतर सगळे जग पश्चात्तापाने वाकते, छळणारे रडतात, फोटो उजळतो, हे दाखवणारा शेवट वास्तव नसून एका दुखावलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनातले दिवास्वप्न आहे. आणि संस्था ते स्वप्न प्रकाशयोजनेसकट खरे करून दाखवत होती.

सभेला बोलावलेल्या एका समुपदेशकांनी या म्हणण्याला आधार दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रंगमंच आणि पडद्यासाठी काम करणाऱ्यांकरिता एक पुस्तिका काढली आहे. तिच्यात कृती आणि साधन दाखवू नये, संकटातून सावरलेली पात्रे दाखवावीत, मदत कुठे आणि कशी मिळते हे कथेत यावे, कारणांचा गुंता एका घटनेवर ढकलू नये, तज्ज्ञांशी आधी बोलावे आणि काम करणाऱ्या कलाकारांवर होणाऱ्या परिणामाचाही विचार करावा, असे सांगितले आहे. किशोरवयीनांवरच्या एका अमेरिकी वेबमालिकेत २०१७ मध्ये असा प्रसंग तपशिलाने दाखवला गेला होता. बऱ्याच टीकेनंतर २०१९ मध्ये तो मालिकेतून काढण्यात आला. समुपदेशकांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मात्र नाटकवाल्यांना जास्त भिडली. संकटातून बाहेर पडलेल्या माणसांच्या कथांचा चांगला परिणाम होऊ शकतो, असे ऑस्ट्रियातील वृत्तपत्रांच्या अभ्यासातून २०१० मध्ये मांडले गेले आणि त्या परिणामाला नाव दिले गेले ते मोत्झार्टच्या १७९१ च्या संगीतिकेतल्या पापागेनो या पात्राचे. जीव द्यायला निघालेल्या पापागेनोला तीन मुले अडवतात आणि त्याच्याजवळच्या घंटांची आठवण करून देतात. “म्हणजे हे आपल्याच धंद्यातलं आहे,” असे दिग्दर्शिका तेव्हा म्हणाल्या, आणि माझ्या मते नाटक त्या वाक्यापासून बदलले.

दुसरी संहिता

नव्या मसुद्यात मुग्धाचा प्रसंग परत आला, क्लासचे सर परत आले, शिव्यांपैकी एक परत आली. ओंकारचा मृत्यू गेला. त्याऐवजी तो मुग्धाला रात्री एक निरोप पाठवतो आणि कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घालतो. ती शपथ मोडते. आईशी तिचे अबोले चालू आहेत, तरी ती आईला झोपेतून उठवते, स्वतःचा मोबाईल उघडून तिच्या हातात देते आणि दोघी ओंकारच्या इमारतीकडे जातात. पहिल्या अंकातल्या त्या दोन संवादांना येथे आपोआप अर्थ आला; हे आधीच्या मसुद्यात होऊच शकत नव्हते. उरलेला अंक ओंकारच्या परत येण्याचा आहे. शाळेत त्याच्याशी काय बोलावे हे कुणाला कळत नाही, वडिलांना नीट माफी मागता येत नाही, छायाचित्र फिरवणाऱ्यांपैकी एक जण अजूनही हसतो.

संस्थेत सगळ्यांना हे पटले असे नाही. ‘क्लायमॅक्सच गेला’ ही तक्रार शेवटपर्यंत राहिली आणि तीत थोडे तथ्यही होते, कारण दुसऱ्या अंकाचा मधला भाग सैल झाला आणि एक प्रवेश तर माहितीपत्रकासारखा वाटतो. पण आधीचा शेवट जितका बांधेसूद होता तितकाच उसनाही होता. नवा शेवट ओबडधोबड आहे आणि त्यातला मुलगा जिवंत असल्याने त्याच्याशी काहीतरी बोलावेच लागते. नाटककाराची खरी परीक्षा तिथे सुरू होते. बदललेली संहिता अर्थात पुन्हा परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागली आणि प्रयोग लांबला.

तालमींचीही रीत बदलली. ओंकारचे काम दोन मुलांमध्ये वाटले, अवघड प्रवेशाची तालीम सलग न घेता दिवसाआड घेतली आणि तो प्रवेश संपला की सगळ्यांनी मिळून काहीतरी पोरकट खेळायचे असा दंडक घातला. पहिले काही दिवस मुलांना याचे हसू आले, नंतर तीच खेळासाठी घाई करू लागली.

प्रयोग आणि नंतर

विश्वस्तांनी सभागृह दिले नाही. डाग परत आल्यामुळे त्यांची हरकत कायम होती, आणि या वेळी संस्थेने ती नाकारली. प्रयोग कळव्यातल्या एका लहान सभागृहात झाला. तिकीटबारीवर आणि तिसऱ्या घंटेआधीच्या निवेदनात विषय स्पष्ट सांगितला गेला. मुख्याध्यापिकांनी सुचवल्याप्रमाणे पहिला प्रयोग फक्त पालक आणि शिक्षकांसाठी ठेवला, दुसऱ्याला मुले पालकांबरोबर आली. हा क्रम संस्थेला आधी सुचला असता तर शाळेचा आक्षेप आलाच नसता, असे मला वाटते.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती प्रयोगानंतरच्या चर्चेची. मूळ बेत असा होता की दिवे लागल्यावर मुलांनी उठून आपापले अनुभव सांगावेत. समुपदेशकांनी त्याला ठाम नकार दिला. अठरा वर्षांखालच्या मुलाने भर सभेत लैंगिक छळाबद्दल काही सांगितले तर ते शंभर लोकांसमोर उघडे पडते; शिवाय २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ज्याला अशा गुन्ह्याची माहिती होते त्याच्यावर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवण्याचे बंधन येते, आणि न कळवणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. हे कार्यकारिणीतल्या एकालाही ठाऊक नव्हते. शेवटी चर्चा नाटकातल्या पात्रांपुरती ठेवली. ओंकारच्या बाबांनी काय म्हणायला हवे होते, मुग्धाने शपथ मोडली ते बरोबर का, असे प्रश्न विचारले गेले आणि मुले स्वतःबद्दल एक अक्षर न बोलता पुष्कळ बोलली. ज्यांना एकट्याने बोलायचे होते त्यांच्यासाठी समुपदेशक ग्रीनरूमशेजारच्या खोलीत बसले होते. तिकिटाच्या मागे टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हे क्रमांक छापले होते. त्या खोलीत कोण गेले आणि काय बोलले, हे संस्थेने विचारले नाही आणि मीही विचारले नाही.

शपथेच्या प्रश्नावर मुलांमध्ये चांगलेच जुंपले. एका मुलाने मुग्धाला चक्क गद्दार म्हटले. त्याच्या मागच्या रांगेतली मुलगी म्हणाली, “मग तो जिवंत राहिला ते कुणामुळे?” पालक मधे बोलायला लागले तेव्हा दिग्दर्शिकेने त्यांना हाताने थांबवले.

जमाखर्चाच्या दृष्टीने नाटक तोट्यात गेले. जाहिरात गेली होती, लहान सभागृहात तिकिटे कमी विकली गेली आणि समुपदेशकांच्या मानधनाची तरतूद मुळात केलेलीच नव्हती; ते नेपथ्याच्या पैशातून दिले गेले, म्हणून मुग्धाचे घर दोन खुर्च्या आणि एका दोरीवरच्या कपड्यांत उभे राहिले. पुढच्या प्रयोगांबद्दल संस्थेत दोन मते आहेत. काहींना हे नाटक राज्य नाट्य स्पर्धेत न्यावे असे वाटते, आणि त्यासाठी दुसरा अंक घट्ट करताना जुना शेवट परत आणावा का, हा विषय बैठकीत पुन्हा निघाला. परिचारिका बाई आता कार्यकारिणीवर आहेत आणि त्या बैठकीला हजर होत्या. जुना शेवट आला नाही.